नियम सात आणि बोळातलं यंत्र

मी विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर सव्वीस वर्षं बसतो आहे. लोक येतात, छप्पर उडालं म्हणतात, गाडी ठोकली म्हणतात, आणि मी त्यांना शांतपणे सांगतो, "कागद उलटा. मागची बाजू वाचा." मागच्या बाजूला, बारीक टायपात, त्यांच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर असतं आणि ते बहुधा 'नाही' असंच असतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते ऐकल्यावर कुणीतरी ही गोष्ट उकरून काढणारच, तर ती माझ्याच तोंडून निघालेली बरी.

मला फक्त एक चर हवा होता. पंचेचाळीस फूट लांब, साडेतीन फूट खोल, घराच्या मागच्या खोलीपासून बाजूच्या बोळातून थेट फाटकापर्यंत. यापेक्षा जास्त मी आयुष्याकडे त्या महिन्यात काही मागितलं नव्हतं.

झालं असं की बाबा पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट पार पडलं, पण डॉक्टरांनी बजावलं, "महिन्याभरात घरी सोडू. वॉकर घेऊन चालतील. जिना मात्र नाही." आमच्या घराला पुढून सात पायऱ्या. मी हॉस्पिटलात बाबांना म्हटलं, "काही काळजी करू नका, चार माणसं आणून तुम्हाला उचलून वर नेऊ." बाबांनी चष्मा काढला. "चार जणांच्या खांद्यावरून माणूस एकदाच जातो," ते म्हणाले. "मी मधल्या काळात सराव करणार नाही."

मग मागची खोली उरली. तिचं दार बोळाच्या पातळीला उघडतं, पायरी नाही, उंबरा नाही. अडगळ काढली, रंग दिला, कोपऱ्यात संडास-बाथरूम बांधलं, भिंतीला धरायला दांडे बसवले. सगळं झकास झालं. फक्त त्या संडासातून पाणी जाणार कुठे, हा प्रश्न राहिला. सार्वजनिक वाहिनी फाटकाबाहेर, रस्त्याखाली. मध्ये बोळ. म्हणून चर.

हे सगळं मी बाबांना कळू दिलं नाही. त्यामागे एक जुनं दुखणं आहे. बाबा नगरपालिकेच्या सांडपाणी खात्यात चाळीस वर्षं होते, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. मी लहान असताना एकदा भिंतीत खिळा ठोकत होतो तो वाकला, आणि बाबा म्हणाले, "तुला खिळा ठोकता येत नाही." ते वाक्य त्यांनी पुढे माझ्या लग्नातही म्हटलं. त्यामुळे मी ठरवलं होतं की शनिवारी बाबा घरी येतील, सपाट बोळातून स्वतःच्या पायांनी चालत आपल्या खोलीत जातील, आणि मी काहीच न बोलता बाजूला उभा राहीन. माझी ती उभं राहण्याची पद्धतसुद्धा ठरली होती.

आधी दोन मजूर लावून पाहिले. आमच्या बोळातला मुरूम म्हणजे एक नंबरचा हट्टी. दिवसभरात त्या दोघांनी जो खड्डा खणला त्यात एक बादली जेमतेम बसली असती. संध्याकाळी त्यांतल्या थोरल्यानं वाकलेली पहार मला अशी दाखवली की जणू मीच ती वाकवली होती. दुसऱ्या दिवशी दोघंही फिरकले नाहीत. मग जेसीबीवाल्याला बोलावलं. तो फाटकाशी उभा राहिला, सात फुटी बोळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहासुद्धा न घेता गेला.

तेव्हा मेव्हण्याचा फोन आला. हिचा धाकटा भाऊ, त्याचा खडी-वाळूचा धंदा आहे. "दाजी, माझा ठेंगू न्या की," तो म्हणाला. ठेंगू म्हणजे त्याचा स्किड स्टीअर लोडर. बुटकं, चौकोनी यंत्र, चार चाकं, पुढे खडी भरायचं सूप, आणि चालकाला बसायला पिंजरा. एका बाजूची चाकं पुढे आणि दुसऱ्या बाजूची मागे फिरवली की ते जागच्या जागी गर्रकन वळतं. रुंदी साडेपाच फूट. "सूप काढायचं आणि त्या जागी खोदायचा हात लावायचा. बॅकहो म्हणतात त्याला. तो माझ्याकडे नाही, तेवढा भाड्यानं आणा. हा का ना का!"

'हा का ना का' म्हणणाऱ्या माणसाच्या भरवशावर काम हाती घेऊ नये, हे मला आता कळतं.

असे हात भाड्यानं देणाऱ्या दुकानाची मालकीण पन्नाशीची बाई होती. केसांत पेन खोचलेलं, बोटं तेलानं काळी. तिनं वहीतून मान वर न काढता विचारलं, "यंत्राचं वजन किती?" मला माहीत नव्हतं. "हायड्रॉलिक तेल मिनिटाला किती लिटर देतं?" हेही माहीत नव्हतं. "पुढची पाटी कुठल्या मापाची? हात त्या पाटीत अडकतो." मी बाहेर जाऊन मेव्हण्याला फोन केला, आत येऊन उत्तर दिलं, पुन्हा बाहेर गेलो. तिसऱ्या फेरीला ती म्हणाली, "त्यांनाच पाठवलं असतं तर?" मी म्हटलं, घरचा कर्ता मी आहे. ती "बरं" म्हणाली.

दुकानात तीन हात होते. लहान, मधला आणि मोठा. आमच्या घरात कुठलीही वस्तू घेताना वाढत्या अंगाची घेतात. माझा शाळेचा पहिला कोट मला कॉलेजात नीट बसला. त्यामुळे माझं लक्ष मोठ्यावर होतं. बाई म्हणाली, "हा लावला तर तुमचं यंत्र पुढे तोंडावर पडेल आणि मागची चाकं हवेत जातील. आत बसलेला माणूसही जाईल. मधला घ्या. याचे पुढचे दोन पाय जमिनीवर टेकवले की यंत्र हलत नाही." मी नाइलाजानं मधला घेतला. पण मन काही भरेना. तेवढ्यात तिनं हाताच्या टोकाला बसणाऱ्या दातेरी बादल्या दाखवत विचारलं, "बकेट कुठली देऊ? एक फुटी की दोन फुटी? भाडं एकच आहे."

भाडं एकच आहे! आता तुम्हीच सांगा, भाडं एकच असताना एक फुटी बकेट कोण घेईल? बाई म्हणाली, "पाइप चार इंची आहे ना? एक फुटी पुरे." मी म्हटलं, "दोन फुटीच द्या." तिनं खांदे उडवले आणि केसांतलं पेन काढून पावती केली. मी घरी येताना उगाचच शीळ घालत होतो.

परवान्याच्या खिडकीवर मात्र माझी शीळ थांबली. तिथल्या कारकुनाला बाबांचं नाव सांगावं असं मनात आलं होतं. पण ओळखीनं काम करून घेणारा माणूस हा रांगेतला चोर, असं बाबांनीच आम्हाला शिकवलेलं. म्हणून रांगेत चार तास उभा राहिलो. फॉर्मवर रकाना होता: 'खोदकामाचे साधन: कुदळ / फावडे / पहार / इतर.' मी 'इतर'वर खूण केली. कारकून म्हणाला, "इतर असेल तर साधनाचं चित्र जोडा." मी खिडकीशीच बॉलपेननं बॅकहो काढला. त्यानं कागद आडवा धरला, उभा धरला.

"हत्तीनं खोदणार का?" त्यानं विचारलं.

"तो यंत्राचा हात आहे."

"मग तसं खाली लिहा."

लिहिलं, आणि परवाना मिळाला. मी तो तिथेच उभ्याउभ्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. नियम एक: परवाना कामाच्या जागी ठळकपणे, फाटणार नाही अशा रीतीने लावावा. नियम सात: खोदकाम सार्वजनिक वाहिनीच्या टोकापासून सुरू करून मालमत्तेच्या आतील दिशेने न्यावे. नियम अकरा: तपासनिसाने उघडा चर पाहिल्याखेरीज तो बुजवू नये. घरी येऊन मी तो परवाना प्लायवूडच्या फळीवर खळीनं चिकटवला, वरून कापडाचा बोळा फिरवून एकही बुडबुडा राहू दिला नाही, आणि फळी फाटकाला तारेनं बांधली. शेजारी पाहायला आले. हे बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, गल्लीत सगळे त्यांना 'खात्री' म्हणतात. "छान चिकटवलंय," ते म्हणाले. "पण सगळं वाचल्याची खात्री केली ना?" मी नुसता हसलो. दाव्यांच्या टेबलावरच्या माणसाला हा प्रश्न!

सोमवारी सकाळी मेव्हणा ट्रकवर ठेंगू घेऊन आला. हात पुढे बसवला, तेलाच्या नळ्या जोडल्या. मग म्हणाला, "दाजी, हे असं आहे. हा हात स्वतःकडे ओढत खणतो आणि यंत्र मागे मागे सरकतं. तेव्हा तोंड आत करून मागच्या खोलीशी जातो, तिथून खणत खणत फाटकातून बाहेर. सरळ काम."

"नाही," मी म्हटलं. "नियम सात. फाटकाकडून सुरू करायचं."

"मग यंत्राचं तोंड फाटकाकडे, आणि खणत खणत ते आत जाणार."

"हो."

"आणि मग?"

"मग काय?"

त्यानं फाटकाकडे बोट दाखवलं. "दाजी, त्या नियमात यंत्र बाहेर कसं काढायचं ते लिहिलंय का?"

"ते पुढचं पुढे," मी म्हणालो. हे मी का म्हणालो, ते आजही सांगता येत नाही. नियमाच्या बाजूनं बोलताना माझा आवाज आपोआप तसा होतो. तो मला मान देतो, त्यामुळे पिंजऱ्यात चढून बसला. ठेंगू आत नेऊन मागच्या अंगणात त्यानं तो वळवला. यंत्र जागच्या जागी वळतं हे खरं, पण पुढचा हात काही जागच्या जागी राहत नाही. तो फिरत आला आणि खात्रींच्या कुंपणाच्या भिंतीला लागला. सहा फूट भिंत हळूच, आवाजसुद्धा न करता पलीकडे आडवी झाली. पलीकडे खात्री पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली केला आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

मेव्हण्यानं मला तासभर शिकवलं आणि तो साइटवर निघून गेला. आता मी आणि दोन दांडे. डावा दांडा पुढे ढकलला की हात लांब जातो, मागे ओढला की जवळ येतो, बाजूला केला की सबंध हात वळतो. उजव्यानं हात वर-खाली होतो आणि बकेट वळते. म्हणजे एकूण आठ हालचाली. सव्वीस वर्षं ज्यानं शिक्का मारण्याखेरीज हातांची दुसरी हालचाल केली नाही, त्याला हे एकदम झेपत नाही. पहिल्या तासात मी माझ्याच फाटकाचा खांब उचलला. दुसऱ्या तासात बकेटभर मुरूम उजवीकडे टाकायचा तो ठेंगूच्या टपावर टाकला. गल्लीतली माणसं खुर्च्या घेऊन आली. दोन फुटी बकेट आणि माझा हात, दोन्ही मिळून चर काही ठिकाणी चार फूट रुंद झाला आणि नागमोडी तर असा, की तो आधी खात्रींच्या बाजूला जाऊन, तिथे काही नाही असं पाहून परत आल्यासारखा दिसे. उरलेल्या जागेत मातीचा ढीग.

पण खोली मिळत होती! पाइप टाकायला ठरवलेला प्लंबर लेव्हलची नळी लावून पाही आणि "उतार आहे बरं का" असं आश्चर्यानं म्हणे. उतार मी जिवाचं रान करून सांभाळला होता. दर चार फुटांना उतरून, गुडघ्यावर बसून, पट्टी लावून मोजत होतो. मंगळवारी संध्याकाळी बकेट मागच्या खोलीच्या दाराशी पोचली. मी इंजिन बंद केलं. घामानं चिंब, कमरेचे तीन तुकडे झालेले, पण मनातून राजा. ही दारात चहा घेऊन उभी होती.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

ती बोळाकडे पाहत राहिली. चर, चराच्या बाजूला माती, आणि त्या सगळ्याच्या अलीकडे, अंगणात, भिंतीला पाठ लावून तीन टनांचा ठेंगू. "अहो," ती म्हणाली, "मग हे आता जाणार कुठून?"

मी चहा घेतला. तो गार होईपर्यंत मी चर आणि भिंत यांमधली जागा पट्टीनं दोनदा मोजली.

एक फुटी बकेट असती तर चराच्या दोन्ही बाजूंना चाकं ठेवून ठेंगू बाहेर काढता आला असता, असं मेव्हण्यानं फोनवर सांगितलं. हे ऐकायची माझी तयारी नव्हती. "आणि दाजी," तो म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज बदलला होता, "सोमवारी सकाळी मला रस्त्याच्या कामावर मशीन हजर करायचंय. नाही केलं तर काम दुसऱ्याला जाईल. तुम्ही माझे मोठे, म्हणून काही बोलत नाही." काही न बोलता त्यानं जे बोलायचं ते बोलून टाकलं होतं.

उपाय सोपा होता. पाइप टाकायचा, चर बुजवायचा, यंत्र वरून बाहेर. पण नियम अकरा! मी मंगळवारी सकाळीच अर्ज देऊन ठेवला होता की चर संध्याकाळपर्यंत तयार होतो, तपासायला या. बुधवारी प्लंबरनं पाइप टाकला. गुरुवारी मी खिडकीवर गेलो.

"तपासनीस रजेवर आहेत," कारकून म्हणाला. "पुढच्या बुधवारी येतील."

"दुसरं कुणी?"

"दुसऱ्यांचा भाग दुसरा."

"शनिवारी माझे वडील हॉस्पिटलातून येतायत. खुब्याचं ऑपरेशन झालंय. त्यांना त्या बोळातून चालत जायचंय."

त्याला खरंच वाईट वाटलं असावं. "नियमात तसं काही..." तो म्हणाला आणि थांबला. मला तो आवाज ओळखीचा वाटला. रोज दहा ते साडेपाच मी त्याच आवाजात बोलतो.

शुक्रवारी गल्लीनं सल्ले दिले. एकानं क्रेन सुचवली, तर क्रेन उभी राहायला खात्रींची उरलेली भिंत पाडावी लागणार होती. एक जण म्हणाला, यंत्र अंगणातच राहू द्या, त्याच्यावर वेल चढवा. फळ्या टाका, असं निदान पाच जणांनी सांगितलं. तीन टन वजन ऐकून पाचही जण घरी गेले. खात्री तेवढे रात्रीच्या जेवणाआधी पुन्हा येऊन हळूच म्हणाले, "बुजवून टाका हो. कोण बघतंय?" मी म्हटलं, "बुजवलं आणि परवाना रद्द झाला तर पुन्हा उकरायला लावतील, बाबा आत असताना." त्यांना ते पटलं. मला स्वतःलाही ते पटल्यामुळे काही सुचेना.

शनिवारी टॅक्सी फाटकाशी थांबली. बाबा उतरले, वॉकर पुढे घेतला, आणि थांबले. त्यांच्या पायांपुढे साडेतीन फूट खोल खड्डा होता. पलीकडे पंचेचाळीस फुटांवर त्यांची खोली, रंग दिलेली, दार उघडं. मी बाजूला उभा होतो, पण ठरवल्याप्रमाणे नाही. खात्रींनी त्यांच्या घरून खुर्ची आणली. बाबा बसले. त्यांनी चर पाहिला, यंत्र पाहिलं, मग मला पाहिलं.

"फाटकाकडून का सुरू केलंस?"

"नियम सात," मी म्हटलं आणि तारेनं बांधलेली फळी सोडून त्यांच्या हातात दिली. मी थकलो होतो, पण त्या क्षणी थोडा अभिमानही वाटला. काही झालं तरी मी नियम मोडला नव्हता.

बाबांनी वाचलं. सावकाश, ओळीखाली बोट फिरवत. "हा नियम माझा आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मी लिहिलाय. लोक आधी घराकडून खणत यायचे आणि रस्त्याशी आल्यावर कळायचं की मुख्य वाहिनी आपल्यापेक्षा वर आहे. म्हणून म्हटलं, आधी वाहिनी शोधा, मग आत जा. तेव्हा कुदळी होत्या रे. कुदळवाला काम संपलं की चरातून वर चढतो आणि घरी जातो." त्यांनी ठेंगूकडे पाहिलं. "मागची बाजू काय म्हणते?"

"कसली मागची बाजू?"

"परवान्याची. परवाना पाठपोट छापलेला असतो."

ही दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. दुःखानं लावला असं मी धरून चालतो.

"मागे," मी म्हणालो, "फळी आहे."

बाबांनी अंगठ्याच्या नखानं कागदाची कड उचलून पाहिली. निघेना. मी चिकटवलेलं निघत नाही. आयुष्यात एक काम मी नीट केलं होतं आणि ते हे. शेवटी हिनं किटलीत पाणी उकळून आणलं, खात्रींनी फळी वाफेवर धरली, आणि कागद बोट बोट करत सुटत गेला. काही अक्षरं कागदाबरोबर आली, काही फळीलाच राहिली. नियम बारा कागदावर आला: लेखी सूचनेनंतर तीन दिवसांत तपासनीस न आल्यास अर्जदाराने पाइपचे सांधे उघडे ठेवून उर्वरित चर बुजवावा. माझी सूचना मंगळवारची. तीन दिवस शुक्रवारीच संपले होते. नियम तेरा मात्र अर्धा फळीला चिकटला. 'यांत्रिक साधनाने खोदकाम केल्यास' एवढंच दिसत होतं.

"नियम सात लागू होणार नाही," बाबांनी तोंडपाठ म्हटलं. "निवृत्तीआधीच्या शेवटच्या महिन्यात घालून घेतला. एका गृहस्थाचं असंच यंत्र आत राहिलं होतं. साहेब म्हणाले, असा वेडेपणा पुन्हा कोण करणार आहे? मी म्हटलं, कुणीतरी करेल."

यानंतर काय येणार ते मला पाठ होतं. पण ते आलं नाही. बाबा कागदाच्या ओल्या कडा मांडीवर सरळ करत बसले. मग म्हणाले, "मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणाला असता, तुला खिळा ठोकता येत नाही."

त्यांनी विचार केला. "म्हणालो असतो," ते म्हणाले. आणि मग, माझ्याकडे न पाहता, "चूक झाली असती."

शनिवार-रविवार बाबा खात्रींच्या तळमजल्यावरच्या खोलीत राहिले आणि दिवसभर फाटकाशी खुर्चीत बसले. मी दांडे ओढत होतो, ते हात वर करून थांबवत होते. एकदम माती लोटायची नाही, वीतभर टाकायची, पाणी मारायचं, चोपायचं, मग पुढची वीत. सांध्यांच्या दोन जागा उघड्या, त्यांवर जाड लोखंडी पत्रे. खात्री पाण्याची नळी धरून उभे असत आणि प्रत्येक थर बसल्याची खात्री करून घेत. पडलेल्या भिंतीतून ये-जा करायला सोयीचं पडतं, असंही ते एकदा म्हणाले, त्यावरून त्यांचा राग ओसरला असावा. रविवारी संध्याकाळी मेव्हण्यानं ठेंगू त्या मातीवरून हळूहळू बाहेर काढला. एक चाक थोडं रुतलं, बाकी काही नाही.

"तीन टन गेले ना वरून?" बाबा म्हणाले. "मग मीही जाईन."

वॉकर पुढे, मग एक पाऊल, मग दुसरं. पंचेचाळीस फुटांना त्यांना दहा मिनिटं लागली. मी बाजूनं चाललो, हात न लावता, पण हात तयार ठेवून. खोलीत जाऊन त्यांनी दांडा धरून पाहिला, हलवून पाहिला. मग सरळ कोपऱ्यात गेले आणि दार लावून घेतलं. मी, ही, मेव्हणा आणि खात्री असे चौघे त्या दाराबाहेर कान देऊन उभे राहिलो. बराच वेळ काहीच नाही. मग पाणी सुटलं. ते भिंतीतून खाली गेलं, पायाखालून गेलं, आणि बोळातून दूर दूर जाताना त्याचा आवाज आम्ही शेवटपर्यंत ऐकला. मेव्हण्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझे डोळे भरून आले, ते मी लपवलं नाही. इतका थकलो होतो की लपवायचंही त्राण नव्हतं.

आतून बाबांचा आवाज आला, "दाराशी उभे राहू नका. माणसाला काही खाजगी असतं की नाही?"

बुधवारी तपासनीस आले. मी त्या दिवशी ऑफिसातून जरा लवकर आलो होतो, फाटकाशी बोलणं ऐकू आलं म्हणून मागच्या खोलीच्या दाराआडच थांबलो. बाबा वॉकर घेऊन तिथवर गेले होते, हातात वाळून वेडावाकडा झालेला परवाना, मागची बाजू वर. तपासनिसांनी पत्रे उचलून सांधे पाहिले, पट्टी लावून उतार पाहिला आणि वहीत लिहिलं. मग बुजवलेल्या चराची खूण फाटकापासून खोलीपर्यंत जात होती तिच्याकडे, एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत, बराच वेळ पाहिलं.

"उतार एकदम बरोबर आहे," ते म्हणाले. "कुणी खणलं हे?"

"माझ्या मुलानं," बाबा म्हणाले. "स्वतः."

"ते दिसतंच आहे," तपासनीस म्हणाले.

"उतार लिहिला ना वहीत?" बाबांनी विचारलं. "मग सही करा."